सोशल मीडियाचा तास वेळापत्रकात कुठे बसवायचा?

नववीच्या वर्गात मी एक फोटो पडद्यावर लावला. सोललेलं केळं, मधोमध तांबडी-काळपट रेघ आणि खाली इशारा: केळ्यात एड्सच्या रुग्णाचं रक्त टोचलं जातंय, मुलाबाळांना देऊ नका, सगळ्यांना पाठवा. हा संदेश फार जुना. देशोदेशी फिरून आलाय आणि विझला विझला म्हणता परत पेटतो. मी काहीच बोललो नाही, नुसता उभा राहिलो. मागच्या बाकावर एक पोरगा बसतो, इंग्रजीच्या तासाला हमखास पेंगणारा. तो म्हणाला, "सर, हाऊ ते रोग शे. कसानं रक्त?"

त्याच्या घरी चोपडा तालुक्यात, तापीकाठी केळीची बाग आहे. सुई टोचली तर सालीवर डाग पडेल, गाभ्याच्या बरोबर मध्यातून उभी रेघ कशी जाईल, हे त्यानं पुढे येऊन फळ्यावर काढून दाखवलं. बरोबरच होतं. बुरशीनं किंवा जिवाणूनं केळ्याचा गाभा असा लाल पडतो. एचआयव्ही खाण्यातून पसरत नाही हे विज्ञानाच्या तासाला झालेलं होतं, पण ते वर्गात कोणालाच आठवलं नाही. आठवली ती बाग.

आठच दिवसांनी हाच पोरगा 'तीन महिन्यांचं रिचार्ज फुकट' अशा लिंकवर बोट दाबून, घरातल्या सगळ्यांची नावं आणि नंबर भरून मोकळा झाला. केळं त्याला कळतं, लिंक कळत नाही.

सोशल मीडिया शाळेत विषय म्हणून शिकवावा का, या प्रश्नाचं माझं उत्तर या दोन प्रसंगांच्या मध्ये कुठेतरी आहे. शिकवावं, याबद्दल मला शंका नाही. मला भीती वाटते ती 'विषय' या शब्दाची. त्या भीतीचं कारण पुढे येईलच, आधी शिकवायचं म्हणजे नेमकं काय ते पाहू. या एका नावाखाली लोक वेगवेगळ्या गोष्टी बोलत असतात आणि मग सभेत भांडतात.

काहींच्या मनात असतं, मुलांना ही साधनं वापरायला शिकवावीत. ते काम मुलांनी आपल्याआधीच उरकलंय. शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' या संस्थेच्या २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो ५७ टक्क्यांनी वापरला होता आणि सोशल मीडियासाठी ७६ टक्क्यांनी. मात्र सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी नको असलेल्या माणसाला ब्लॉक कसं करायचं किंवा त्याची तक्रार कशी करायची, हे ६२ टक्क्यांनाच माहीत होतं, आणि आपलं खातं खासगी कसं करायचं हे ५५ टक्क्यांना. म्हणजे गाडी सगळ्यांना पळवता येते, ब्रेक कुठे आहे ते जेमतेम निम्म्यांना ठाऊक. तेव्हा शिकवायचं उरतं ते असं: स्वतःला जपणं, समोर आलेलं पारखणं, आणि हे सगळं आपल्याला फुकट का मिळतंय ते समजून घेणं. यातलं शेवटचं सहसा कोणी शिकवत नाही, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

आठवडे बाजारातली एक बांगड्यावाली डोळ्यांसमोर आणा. तुम्ही तिच्या गाड्यासमोरून जाता, काही घेत नाही, पण हिरव्या बांगड्यांवर नजर क्षणभर रेंगाळते. ती ते टिपते. पुढच्या आठवड्यात तुम्ही आलात की हिरव्या बांगड्या पुढे. तुमच्या मागून येणाऱ्या बाईची नजर मागच्या खेपेला लाल बांगड्यांवर अडली होती, म्हणून तिला त्याच गाड्यावर लाल बांगड्या पुढे दिसतात. गाडा एक, पण दोघींना दिसणारा बाजार वेगळा. आणि ही बांगड्यावाली तुमच्याकडून एक पैसा घेत नाही. तिला पैसे देतात आसपासचे दुकानदार, कारण तुम्ही जितका वेळ तिच्या गाड्यासमोर उभ्या, तितका वेळ त्यांच्या पाट्या तुमच्या डोळ्यांसमोर. मग तिचा सगळा जीव कशात? तुम्ही हलू नये यात.

फीड, म्हणजे अ‍ॅप उघडलं की एकाखाली एक येत राहणाऱ्या पोस्ट आणि व्हिडिओंची रांग, हे असं चालतं. कोणता व्हिडिओ किती सेकंद पाहिला, कोणता परत पाहिला, कशावर काही लिहिलं, काय पुढे पाठवलं, यावरून पुढे काय दाखवलं तर तुम्ही थांबाल याचा अंदाज यंत्र बांधतं आणि त्या क्रमानं माल मांडतं. खरंखोटं हा त्या हिशेबातला मुख्य रकाना नाहीच. फेसबुकच्या आतल्या कागदपत्रांतून २०२१ मध्ये बाहेर आलं की २०१७ पासून त्यांच्या हिशेबात साध्या लाइकला जितकं वजन होतं, त्याच्या पाचपट वजन प्रेम, हसू, राग अशा इमोजींना होतं. रागाचं वजन त्यांनी पुढे काढून टाकलं. पण मधल्या काळात जी पोस्ट माणसाला भडकवते ती वर चढत राहिली. त्यासाठी कोणी माणूस बसून कट करत नव्हता, बेरीजच तशी मांडलेली होती.

हे मुलांना सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. मी तिघांना त्यांच्या घरच्या फोनवर सकाळी दिसलेले पहिले पाच रील्स वहीत लिहून आणायला सांगितले. एकाच्या पाचातले चार पोलीस भरतीचे: धावणं, गोळाफेक, 'वर्दी' आणि मागे ढोल. दुसरीला अहिराणी गाणी आणि खान्देशी कॉमेडी. तिसऱ्याला ट्रॅक्टर, ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टर. तिघं एकाच गल्लीतली. "मग सर, गावातल्या बातम्या तरी सगळ्यांना सारख्याच दिसत असतील ना?" असं दुसरीनं विचारलं. एका तासाला एवढा प्रश्न निघाला तरी मी खूश.

व्हॉट्सअ‍ॅपचं गणित निराळं. तिथे बांगड्यावाली नाही, समोर काय मांडायचं ते यंत्र ठरवत नाही. संदेश मामाकडून येतो, म्हणून खरा वाटतो. मामाला तो साडूकडून आलेला असतो. आणि ही भाबडी साखळी कुठवर जाते ते आपल्या धुळे जिल्ह्यानं पाहिलंय.

२०१८ च्या उन्हाळ्यात देशभर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. तिच्याबरोबर फिरणाऱ्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यातलं पोर उचलून पळतात. तो व्हिडिओ मूळचा कराचीचा. मुलांना सांभाळा असं सांगणाऱ्या एका जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता तो. मूळ फिल्ममध्ये ते दोघं परत येतात, पोर सोडतात आणि फलक दाखवतात. कोणीतरी तेवढा शेवट कापला होता. १ जुलैला, रविवारी, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातून आलेली, भिक्षा मागून जगणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं तिथे उतरली. त्यांच्यातलं कोणी एका लहान मुलीशी बोलताना दिसलं, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. जमावानं त्यांना मारत नेलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाच जण मेले.

हा प्रसंग वर्गात सांगताना मी नेहमी अडखळतो. दर वेळी जाणवतं की मारणारे नववीतले नव्हते. बापाच्या, काकाच्या वयाचे होते. मग मुलांना शिकवून काय होणार, असा प्रश्न पालक सभेत हमखास येतो आणि तो चुकीचा नाही.

त्याचं उत्तर बिहारमधून आलंय. तिथे २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी संशोधकांनी घरोघरी जाऊन मोठ्या माणसांना तासभर समजावलं, खोटी बातमी कशी ओळखायची ते दाखवलं. नंतर तपासलं तर फरक जवळजवळ शून्य. माझ्यासारख्या शिक्षकाला यात नवल नाही. एका तासात पाढे तरी कुठे येतात! त्यानंतर बिहारमध्येच दुसरा प्रयोग झाला, ५८३ गावांत, सुमारे १३,५०० शाळकरी मुलांवर. गावातल्या वाचनालयांत वर्ग, एकूण चार बैठका, पण १४ आठवड्यांत पसरलेल्या. या वेळी मुलं खरंखोटं वेगळं करू लागली, चार महिन्यांनंतरही ते टिकलेलं दिसलं, आणि मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे त्यांच्या आईवडिलांतही फरक पडला. त्यांना कोणी काही शिकवलंच नव्हतं. म्हणजे शाळेतलं पोर ही घरातल्या ग्रुपमध्ये शिरायची खिडकी आहे. काकाला मी सांगायला गेलो तर काका म्हणेल, मास्तर, तुम्ही तुमचं बघा. पुतणी म्हणाली तर निदान फोन खाली ठेवून ऐकेल.

आता 'विषय' या शब्दाची भीती.

सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. हेतू उत्तम. आमच्याकडे त्याचं काय झालं? पर्यावरणाचा प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो, फक्त नाव आणि हजेरी क्रमांक लिहायचा. नववी-दहावीला जलसुरक्षा हा श्रेणी विषय आला. पारोळा, शिंदखेड्याकडे उन्हात टँकरची वाट पाहणाऱ्या पोरांना याहून जवळचा विषय कोणता? पण मार्च आला की श्रेणी विषयाचा तास गणिताचे सर 'मागून घेतात', आणि आम्ही देतो, कारण निकाल गणिताचा लागतो. श्रेणी शेवटी सगळ्यांना 'अ'. सोशल मीडियाचं पुस्तक निघालं तर पहिल्या धड्याखाली 'सोशल मीडियाची व्याख्या लिहा' हा प्रश्न असणार, यावर मी पैज लावतो. अन् पुस्तक समिती बसून, छापून, तालुक्याला येईपर्यंत त्यातली निम्मी अ‍ॅप बंद झालेली असतील.

जिथे हे जमलंय तिथे बघा. फिनलंडमध्ये माध्यम-साक्षरता नावाचा वेगळा तास नाही. २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात ती सगळ्या विषयांत विणलेली आहे. गणितात आकडे फसवतात कसे, चित्रकलेत चित्राचा अर्थ बदलतो कसा, इतिहासात प्रचार चालतो कसा. फिनलंड लांब वाटत असेल तर केरळ घ्या. कन्नूर जिल्ह्यात २०१८ मध्येच जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकारानं सरकारी शाळांत खोट्या बातम्यांवर तास झाले, आणि पुढे राज्यानं पाचवी आणि सातवीच्या संगणकाच्या पुस्तकांतच खोटं ओळखण्याचा भाग घातला. नवीन विषय न काढता, असलेल्याच्या पोटात.

आपल्या वेळापत्रकात तर जागाच जागा आहेत. आठवीचा घातांक घ्या. एकानं पाच जणांना पाठवलं, त्या प्रत्येकानं आणखी पाच जणांना, असं आठ पायऱ्या गेलं तर? ५ चा आठवा घात, ३,९०,६२५. चोपडा शहराला पुरून उरेल. एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं नियम केला की दोन बाणांची खूण असलेला, म्हणजे बऱ्याच हातांतून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल. १ चा आठवा घात किती? पोरं आधी हसली, मग गप्प झाली. तसले संदेश त्यानंतर ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीनंच सांगितलं. पुस्तकातलं उदाहरण आणि कंपनीचा नियम एकच आहे, हे मलाही त्या दिवशीच नीट उमगलं.

मराठीच्या तासाला भित्तिपत्रक. साने गुरुजी अमळनेरला छात्रालय सांभाळत तेव्हा मुलांसाठी हातानं लिहिलेलं 'छात्रालय दैनिक' काढत. तसंच गावातल्या पाच बातम्यांचं पत्रक मुलांनी काढावं. एक अट: चूक झाली तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरात दुरुस्ती. आमच्या मुलांनी दूध डेअरीच्या सभेची तारीख चुकवली, चार म्हातारे एक दिवस आधी जाऊन बसले. पुढचा अंक पोरांनी तीनदा तपासला.

आणि पारखायचं कसं? यावर अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांचं एक छान काम आहे. त्यांनी इतिहासाचे प्राध्यापक, तिथलेच विद्यार्थी आणि बातम्या तपासण्याचं काम करणारे व्यावसायिक यांच्यापुढे अनोळखी संकेतस्थळं ठेवली. प्राध्यापक आणि विद्यार्थी पान वरून खालपर्यंत वाचत बसले, मांडणी, लोगो बघून फसले. तपासनीस मात्र काही क्षणांत त्या पानावरून उठले आणि बाहेर, दुसरीकडे, त्या संस्थेबद्दल लोक काय म्हणतात ते शोधायला लागले. आपल्याला हे नवीन नाही. स्थळ बघायला गेल्यावर मुलाच्या घरी पोहे खात मुलाची चौकशी होते का? तिथे सगळे गोडच बोलणार. चौकशी होते गल्लीच्या तोंडावरच्या किराणा दुकानात, मुलाच्या मामाच्या गावात, तो जिथे नोकरीला आहे तिथल्या चहाच्या टपरीवर. 'पोहे खाऊन ठरवू नका' एवढं वाक्य वर्गात पक्कं बसलंय. माहितीतल्या गोष्टीला केळीची बाग कामाला येते, अनोळखी गोष्टीला ही चौकशी.

शिक्षकांचं काय, असं कोणी विचारण्याआधी मीच सांगतो. 'युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं' ही थाप मी एका १५ ऑगस्टला झेंड्याखाली उभा राहून भाषणात ठोकली होती. टाळ्याही घेतल्या. युनेस्कोनं असं काही ठरवलेलं नाही. पुढच्या वर्षी मी भाषणात ते सांगितलं, तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत.

एक भाग मात्र कुठल्या विषयाच्या पोटात बसत नाही, त्याला खरोखर वेगळा तास लागतो. आमच्या एका विद्यार्थिनीचा स्नेहसंमेलनातला फोटो उचलून कोणीतरी तिच्या नावानं खातं काढलं आणि त्यावरून मुलांना संदेश पाठवले. तीन आठवडे ती कोणाला बोलली नाही. का? तिला खात्याची जितकी भीती होती, त्याहून जास्त भीती घरची होती. फोन जाईल, मग शाळा जाईल, मग 'आता पुरे झालं शिक्षण'. शेवटी ती तिच्या वर्गशिक्षिकेजवळ रडली. मॅडमनी आधी तिला पाणी दिलं, मग खात्याचे स्क्रीनशॉट घ्यायला लावले, लिंक लिहून ठेवली, खात्याची तक्रार केली. पुरावा आधी, ब्लॉक नंतर, हा क्रम फार महत्त्वाचा. घाबरून सगळं पुसलं की पोलिसांच्या हाती काही लागत नाही. खोट्या नावाच्या खात्याची ज्याची त्यानं तक्रार केल्यावर कंपनीनं २४ तासांत हालचाल करावी, अशी मुदत केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी घातली होती; २०२६ मध्ये ती आणखी कमी झाली. मुलांसाठी १०९८, पैशांची फसवणूक असेल तर १९३०, आणि सायबर गुन्ह्यांसाठी सरकारचं तक्रार पोर्टल. हे आकडे आमच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलेत. नोटीस बोर्डासमोर उभं राहून ते कोणी लिहून घेणार नाही.

मॅडमनी सगळ्यात अवघड काम त्यानंतर केलं. मुलीच्या वडिलांना बोलावून तासभर त्यांच्याशी बोलल्या. फोन काढून घेतलात तर पुढच्या वेळी ती तुम्हाला सांगणार नाही, एवढंच पुन्हा पुन्हा.

मग बंदीच का नको? ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांच्या खात्यांना बंदी घातली. आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय. त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती हवी आणि त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत. कायदा चांगला आहे. पण आमच्या भागात मुलाचं खातं असतंच कुठे? फोन बापाचा, सिम आईच्या नावावर, इन्स्टाग्राम मोठ्या भावाचं, आणि वापरतो सातवीतला धाकटा. सातपुड्याच्या पाड्यांवर तर अख्ख्या घरात मिळून एक फोन, टेकडीवर चढलं की रेंज. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० मध्ये आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आपल्याकडे यंत्र लवकर येतं. त्याची समजूत मागून, बैलगाडीनं.

माझी मागणी शिक्षणाधिकाऱ्यांपुढे ठेवायची तर अशी: पुस्तक नको, परीक्षा नको, महिन्यातून दोन तास ज्यांना कोणी 'मागून घेणार' नाही, आणि बाकी सगळं असलेल्या विषयांत. तासाला काय घ्यायचं ते मुलांच्या घरच्या फोनमध्ये त्या आठवड्यात काय आलंय त्यावर ठरेल.

गेल्या महिन्यात तो केळीवाला पोरगा मधल्या सुट्टीत आला. वडिलांना व्यापाऱ्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर केळीच्या भावाचं चित्र पाठवलं होतं, रावेरचा आजचा भाव म्हणून, आणि त्याच भावात माल कापायला माणसं पाठवतो म्हणाला. पोरानं चित्र मोठं करून पाहिलं. वर तारीख नव्हती. जिथे असायला हवी तिथे पांढरा पट्टा. त्यानं रावेरला बाजार समितीत कामाला असलेल्या मावसभावाला फोन लावला. भाव क्विंटलमागे चांगलाच वर होता.

"मग वडील काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही सर. म्हणे, तुले हाई कोणी शिकाडं?"